पेढीवरचे धर्माचरण : श्रीमद् राजचंद्र यांचे जीवन

जैन समाजाची ओळख मुख्यतः व्यापारी समाज अशी आहे. शेती, नोकरी, वकिली, वैद्यकी अशा सर्व क्षेत्रांत जैन बांधव असले, तरी पेढी, वखार आणि दुकान यांच्याशी या समाजाचे नाते शतकानुशतकांचे आहे. त्यामुळे श्रावकाच्या धर्माची खरी कसोटी मंदिरात किंवा स्थानकात लागत नसून ती बाजारात लागते. देवदर्शनाच्या वेळी असत्य बोलण्याचा प्रसंगच येत नाही, आणि सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत कोणी वजनात मारत नाही. तेथून उठून मनुष्य गादीवर बसला, वही उघडली आणि समोर गिऱ्हाईक आले, म्हणजे व्रताची परीक्षा सुरू होते.

प्राचीन आचार्यांना ही गोष्ट पूर्णपणे ठाऊक होती. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते पाहिले तर ते जणू बाजारपेठेत उभे राहूनच लिहिले आहेत असे वाटते. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यापार करणे, देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे आणि अस्सल मालात नकली माल मिसळणे, हे ते पाच दोष होत. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना पहिले स्थान न्यायाने मिळविलेल्या धनाला दिले. दान, पूजा, तीर्थयात्रा ही सर्व त्यानंतर येतात.

शास्त्राचा हा आदेश असा स्पष्ट असूनही व्यवहार वेगळा आणि धर्म वेगळा ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. सारा बाजारच असा असताना एकट्याने सचोटी धरली तर पोट कसे भरणार, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील तरुण विचारत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जवाहिर बाजारात एका तरुण जैन व्यापाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारातून दिले. ते व्यापारी म्हणजे महात्मा गांधींचे रायचंदभाई, अर्थात श्रीमद् राजचंद्र. त्यांचे तत्त्वज्ञान सर्वत्र अभ्यासिले जाते. त्यांच्या व्यापारी जीवनाकडे मात्र तितक्या बारकाईने पाहिले जात नाही. वास्तविक या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या.

जन्म आणि बालपण

सौराष्ट्रातील मोरबीजवळच्या ववाणिया बंदरात कार्तिक पौर्णिमेस, विक्रम संवत १९२४ मध्ये, म्हणजे ९ नोव्हेंबर १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रवजीभाई आणि माता देवबाई. बालपणीचे नाव लक्ष्मीनंदन होते. पुढे ते रायचंद झाले आणि कालांतराने राजचंद्र या नावाने ते विख्यात झाले. आजोबा कृष्णभक्त होते, तर मातेकडून जैन संस्कार लाभले. दोन्ही परंपरांचे वातावरण एकाच घरात असल्याने कोणत्याही संप्रदायाचा दुराग्रह त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

वयाच्या सातव्या वर्षी परिचयातील अमीचंद नावाच्या गृहस्थांचा सर्पदंशाने मृत्यू झाला. मृत्यू म्हणजे काय, हे त्या बालकास तोवर ठाऊक नव्हते. स्मशानात चिता जळताना पाहून त्यांच्या अंतःकरणात विलक्षण खळबळ झाली आणि त्या विचारमंथनातच त्यांना पूर्वजन्मांचे स्मरण झाले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. शाळेत सात इयत्तांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. पुढे तेराव्या वर्षी ते वडिलांच्या दुकानात बसू लागले.

या दुकानदारीच्या दिवसांविषयी त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवले आहे. दुकानात बसून त्यांनी वाचन केले, काव्यरचना केली, चिंतन केले. परंतु कोणालाही कमीअधिक भाव सांगितला नाही आणि कमीअधिक तोलून दिले नाही, याची नोंद त्यांनी आवर्जून केली आहे. एका लहानशा बंदरातील किराणा व्यवहार, त्यात बसलेला एक पोर. येथे लाखांची उलाढाल नव्हती. पण सचोटीची सवय लहान तराजूवरच लागते. मोठ्या तराजूवर ती नव्याने लावता येत नाही, हे त्यांच्या पुढील आयुष्याने दाखवून दिले.

कीर्तीचा त्याग

त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती. एकाच वेळी अनेक विषयांकडे अवधान ठेवून ते सर्व बिनचूक सांगण्याचे अवधानाचे प्रयोग ते करीत असत. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी मोक्षमाळा हा ग्रंथ अवघ्या तीन दिवसांत लिहिला. १८८७ च्या जानेवारी महिन्यात मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शंभर अवधानांचा प्रयोग विद्वानांच्या सभेत करून दाखविला. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात जाऊन हे सामर्थ्य दाखविण्याचे सुचविले. तेथे कीर्ती आणि द्रव्य या दोहोंना तोटा नव्हता. तथापि परदेशात जैन आचारानुसार राहता येणार नाही, या विचाराने त्यांनी ते मान्य केले नाही.

थोड्याच काळात त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोगही बंद केले. ज्योतिषशास्त्राचेही त्यांना उत्तम ज्ञान होते. लोक प्रश्न विचारावयास येत. परंतु हा मार्ग आत्महिताच्या आड येणारा आहे हे जाणवताच तोही त्यांनी सोडला. विद्वत्ता विकून सहज पैसा मिळत असताना तो नाकारणे, ही त्यांच्या चरित्रातील पहिली मोठी निवड होती. उपजीविकेसाठी त्यांनी निवडला तो मार्ग पेढीचा, म्हणजे कष्टाचा आणि जोखमीचा.

जवाहिराच्या बाजारात

१८८८ मध्ये त्यांचा विवाह झबकबाई यांच्याशी झाला. झबकबाई या डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या थोरल्या बंधूंच्या कन्या. याच कुटुंबातील रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्यासह श्रीमद् मुंबईत जवाहिराच्या व्यापारात भागीदार झाले. हे रेवाशंकरभाई पुढे गांधीजींचे निकटचे स्नेही झाले. गावदेवीतील लॅबर्नम रोडवरचे त्यांचे मणिभवन हे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

त्या काळचा मोत्यांचा व्यापार कसा चाले, हे ध्यानात घेतल्याशिवाय श्रीमद् यांच्या सचोटीचे मोल कळणार नाही. इराणच्या आखातातून पाणबुड्यांनी काढलेले मोती अरब व्यापाऱ्यांमार्फत मुंबईस येत. येथे चाळण्यांनी त्यांची प्रतवारी होई, त्यांना वेज पाडले जाई, माळा ओवल्या जात आणि तो माल देशोदेशी जाई. मोत्याचे मोल त्याचा आकार, रंग, वजन आणि पाणी यांवर ठरते. एकासारखे दुसरे मोती नसते, म्हणून त्याला छापील दर नसतो. सौदा होताना विक्रेता आणि ग्राहक रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. शेजारी बसलेल्यासही तो कळत नसे. मध्ये दलाल असे आणि त्याचे लक्ष दलालीकडे असे.

अशा बाजारात फसवणूक करण्यास खोटे बोलावेच लागते असे नाही. नुसते गप्प राहिले तरी काम भागते. विकणाऱ्यास आपल्या मालाची किंमत ठाऊक नसेल, तर ते अज्ञान हाच घेणाऱ्याचा नफा. पुढील मुदतीचे सौदे करून भाव चढला की समोरच्याची मान आवळावयाची, हीही रीतच मानली जाई. कागद पक्का असेल, साक्षीदार असतील, तर त्यात गैर काय, असाच प्रश्न कोणीही विचारला असता. नजरेने मोती पारखण्यात श्रीमद् निष्णात होते. या बाजारातील अज्ञानाचा फायदा घ्यावयाचा झाला असता, तर त्यांच्याइतका समर्थ दुसरा कोण होता! ज्याला फसविता येतच नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा झालेली नसते. श्रीमद् यांची परीक्षा रोज होत होती.

फाडलेला करारनामा

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग गुजरातेत आणि महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने श्रीमद् यांच्याशी हिऱ्यांचा सौदा केला. अमुक मुदतीत अमुक भावाने हिरे द्यावयाचे, असा रीतसर करारनामा झाला. मुदत येण्यापूर्वीच हिऱ्यांचे भाव अकल्पितपणे चढले. ठरल्या भावाने माल द्यावयाचा तर त्या व्यापाऱ्यास घरदार विकावे लागले असते.

भाव चढल्याची वार्ता कळताच श्रीमद् स्वतः त्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेले. धनको दारात आलेला पाहून तो बिचारा घाबरला. काहीही करून देणे फेडीन, चिंता करू नये, असे तो काकुळतीने सांगू लागला. श्रीमद् यांनी त्याला शांत केले. दोघांनाही चिंता लागली आहे आणि तिचे मूळ हा कागद आहे, तेव्हा मूळच काढून टाकावे, अशा आशयाचे बोलून त्यांनी तो करारनामा मागून घेतला आणि तेथल्या तेथे फाडून टाकला. दूध पिऊन जगणाऱ्याने कोणाचे रक्त पिऊ नये, असा त्यांचा भाव होता. तो व्यापारी स्तब्ध झाला.

या प्रसंगाचे मर्म नीट पाहण्यासारखे आहे. श्रीमद् यांनी कोणतीही लबाडी केलेली नव्हती. सौदा खुला होता, कागद कायदेशीर होता, भाव त्यांनी चढविलेला नव्हता. न्यायालयात गेले असते तर निकाल त्यांच्याच बाजूने लागला असता. तरीही ते धन त्यांना आपले वाटले नाही. जे धन घेताना समोरच्याच्या घरातील चूल विझणार आहे, ते कायद्याने मिळत असले तरी धर्माने मिळत नाही, हा विवेक त्यामागे होता. कायदा ही सचोटीची पहिली पायरी झाली. अहिंसाव्रत पाळणाऱ्यास तेथेच थांबता येत नाही.

परत केलेले मोती

दुसरा प्रसंगही असाच बोधप्रद आहे. मुंबईत एक अरब व्यापारी आपल्या धाकट्या भावासह मोत्यांचा व्यापार करीत असे. थोरल्याप्रमाणे आपणही एखादा मोठा सौदा करून दाखवावा, असे धाकट्याच्या मनात आले. परदेशातून आलेले मोत्यांचे एक मोठे पुडके घेऊन तो दलालामार्फत श्रीमद् यांच्या पेढीवर आला. माल पाहून सौदा ठरला, रक्कम चुकती झाली आणि तो आनंदाने घरी गेला.

घरी थोरल्या भावाने हे ऐकले मात्र, तो संतापला. तो माल ठराविक किमतीखाली विकू नये अशी मालकाची लेखी सूचना होती आणि विक्री त्याहून बरीच कमी किमतीस झाली होती. धाकटा भाऊ धावत श्रीमद् यांच्याकडे आला आणि घडलेला प्रकार सांगून गयावया करू लागला. बाजाराच्या रीतीप्रमाणे झालेला सौदा झाला होता. मालही श्रीमद् यांच्या ताब्यात होता आणि त्यात मोठा लाभ होता. श्रीमद् यांनी ते पुडके जसेच्या तसे परत दिले, दिलेली रक्कम परत घेतली आणि सौदा झालाच नाही असे मानले. परधर्मीय, परदेशस्थ अशा त्या अरबाच्या मनात या जैन व्यापाऱ्याविषयी जी पूज्यबुद्धी उत्पन्न झाली, ती कोणत्याही धर्मप्रवचनाने झाली नसती. धर्मप्रभावना याहून वेगळी काय असते?

गांधीजींची साक्ष

जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी मुंबईस उतरले, त्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी त्यांची श्रीमद् यांच्याशी भेट झाली. ज्या ज्या युरोपीय भाषांतील शब्द ठाऊक होते ते सर्व गांधीजींनी वाचून दाखविले आणि श्रीमद् यांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. परंतु गांधीजींवर कायमचा परिणाम झाला तो या स्मरणशक्तीचा नव्हे. लाखांचे व्यवहार करणारा, हिरेमोत्यांची पारख करणारा हा मनुष्य ज्या क्षणी सौदा संपे त्या क्षणी धर्मग्रंथ किंवा स्वतःची चिंतनवही उघडीत असे, हे त्यांनी वारंवार पाहिले. पेढीवर या दोन वस्तू त्यांच्याजवळ नेहमीच असत. व्यापाराच्या गुंतागुंतीने त्यांचे चित्त विचलित झालेले गांधीजींना दिसले नाही.

त्या दिवसांत गांधीजी स्वतः पक्षकार नसलेले, नवखे बॅरिस्टर होते. वकिली म्हणजे असत्याचाच धंदा, या समजुतीने त्यांचे मन अस्वस्थ असे. अशा वेळी व्यापारासारख्या निसरड्या क्षेत्रात राहूनही सत्याचरण शक्य आहे, याचे जिवंत उदाहरण त्यांच्या समोर होते. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना खोटे खटले घ्यावयाचे नाहीत, हे त्यांनी पक्षकारांना आधीच सांगून ठेवले. त्यांचे स्नेही पारशी रुस्तमजी जकात चुकविण्याच्या प्रकरणात सापडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना बचावाच्या युक्त्या सुचविल्या नाहीत. सर्व अपराध कबूल करण्याचाच सल्ला दिला. रुस्तमजींनी कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड भरला आणि ती हकीकत लिहून, चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावली.

दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी मन व्यग्र झाले असता गांधीजींनी श्रीमद् यांना सत्तावीस प्रश्न पत्राने विचारले. १८९४ मध्ये त्यांची सविस्तर उत्तरे श्रीमद् यांनी पाठविली आणि गांधीजींच्या मनास समाधान लाभले. आपल्या जीवनावर ज्यांचा गाढ ठसा उमटला अशा तीन व्यक्तींत गांधीजींनी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्यासह श्रीमद् यांची गणना केली; त्यांतही प्रत्यक्ष सहवासाने प्रभाव पाडणारे श्रीमद् हे एकटेच होते. असे असूनही गांधीजींनी त्यांना आपले गुरू मानले नाही, ही गोष्टही त्यांनी तितक्याच प्रांजळपणे लिहून ठेवली. म्हणूनच त्यांची साक्ष भाबड्या भक्ताची ठरत नाही. ती एका चिकित्सक सत्यशोधकाची आहे.

येरवड्याच्या कारागृहात गांधीजींनी श्रीमद् यांच्या आठवणी लिहावयास घेतल्या होत्या. १९२६ मध्ये श्रीमद् यांच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिताना त्यांनी या आठवणी सादर केल्या. धर्म हा पर्युषणात, एकादशीस किंवा मंदिरातच पाळावयाचा असून दुकानात आणि दरबारात त्याचे काम नाही, ही समजूत श्रीमद् यांनी आपल्या आचरणाने खोडून काढली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्यापारात समोरचा कपट करू लागला तर ते श्रीमद् यांच्या तत्काळ ध्यानात येई आणि त्यांना ते सहन होत नसे, असेही गांधीजींनी नोंदविले आहे. सरळपणा म्हणजे भोळेपणा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. ते फसत नव्हते आणि फसवीतही नव्हते.

साधी राहणी, मोकळे मन

श्रीमद् यांना इतका मोठा लाभ सहजतेने सोडता आला, याचे रहस्य त्यांच्या राहणीत आहे. धोतर, सदरा, अंगरखा आणि पागोटे हा त्यांचा साधा वेश. त्यातही टापटिपीचा फार आग्रह नसे. आहार अल्प, आणि जे मिळेल त्यात संतोष. गरजाच थोड्या असल्यामुळे पैशाला त्यांच्यावर अधिकार गाजविता आला नाही. ज्याचा खर्च मिळकतीच्या पुढे धावतो, त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. सत्य आणि अपरिग्रह ही दोन वेगळी व्रते म्हणून शिकविली जातात. व्यवहारात मात्र अपरिग्रहाच्या आधारावाचून सत्य फार काळ उभे राहत नाही. करारनामा फाडणारा हात त्या एका क्षणी धैर्यवान झाला नव्हता. वर्षानुवर्षे गरजा आवरून तो सिद्ध झालेला होता.

व्यापाराचे ओझे

याचा अर्थ व्यापार त्यांना प्रिय होता असा नव्हे. सायल्याचे सौभागभाई आणि इतर मुमुक्षूंना लिहिलेल्या शेकडो पत्रांतून व्यापाराच्या उपाधीविषयीचा त्यांचा थकवा पुन्हा पुन्हा प्रकट झाला आहे. अंतःकरण सर्वसंगपरित्यागाकडे ओढ घेत होते. दुसरीकडे कुटुंब आणि भागीदार यांची बांधीलकी होती. भागीदारांना अडचणीत टाकून निघून जाणे हेही त्यांना न्याय्य वाटले नाही. पूर्वकर्माचे देणे समजून त्यांनी ते ओझे वाहिले. दिवसभर पेढी सांभाळावयाची आणि मन अलिप्त ठेवावयाचे, ही साधना वनातील तपश्चर्येपेक्षा कमी कठीण नव्हती.

मधून मधून ते मुंबई सोडून ईडर, काविठा, राळज, वडवा अशा एकांत स्थळी जात आणि चिंतनात काळ घालवीत. १८९६ मध्ये नडियाद येथे त्यांनी एकाच बैठकीत आत्मसिद्धिशास्त्राची १४२ पद्ये रचली. त्या रात्री अंबालालभाई कंदील धरून उभे होते. आत्म्याचे अस्तित्व, नित्यत्व, कर्तृत्व, भोक्तृत्व, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय या सहा पदांचे विवेचन करणारी ही कृती आज देशोदेशी स्वाध्यायात वाचली जाते. दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांतील श्रुताचे प्रकाशन व्हावे म्हणून त्यांनी परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली.

विक्रम संवत १९५६ च्या सुमारास त्यांनी व्यापारातून निवृत्ती घेतली आणि धनास स्पर्श न करण्याचा नियम स्वीकारला. परंतु शरीर तोवर खचले होते. हवापालटासाठी धरमपूर, तिथल, वढवाण कॅम्प अशा ठिकाणी त्यांना नेण्यात आले. अखेर राजकोट येथे चैत्र वद्य पंचमी, विक्रम संवत १९५७, म्हणजे ९ एप्रिल १९०१ रोजी वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी समाधिभावाने देह ठेवला.

या जीवनाचा बोध

श्रीमद् यांचा काळ गेला, रुमालाखालचे सौदे गेले, आखातातील मोत्यांचा तो व्यापारही लयास गेला. परंतु प्रश्न गेलेला नाही. आजचा तरुण जवाहिराच्या पेढीवर नसेल, तो एखाद्या कंपनीत, कचेरीत किंवा बांधकामाच्या ठिकाणी नोकरीस असेल. खोट्या बिलावर सही करण्यास त्याला सांगितले जाते, दोन हिशेबांच्या वह्या ठेवण्यास सांगितले जाते, मालाचा दोष ग्राहकापासून लपविण्यास सांगितले जाते. न केल्यास बढती जाते, कधी नोकरीही जाते. घरी वृद्ध मातापिता, मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते असतात. अशा माणसास केवळ उपदेश करणे सोपे आहे आणि क्रूरही आहे. श्रीमद् भागीदार होते, पगारी नोकर नव्हते. कागद फाडण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. हा भेद विसरता कामा नये.

तरीही त्यांच्या जीवनातून प्रत्येकास घेता येईल असे काही निश्चितपणे आहे. त्यांनी बाजार वाईट आहे म्हणून पळ काढला नाही, आणि बाजार वाईट आहे हे निमित्त पुढे करून स्वतःला सूटही दिली नाही. सवय त्यांनी लहान दुकानात लावून घेतली होती. गरजा थोड्या ठेवल्या, म्हणून नकार देण्याचे बळ शिल्लक राहिले. आणि लाभाचा विचार करताना तो कोणाच्या घरातून येत आहे, हे त्यांनी आधी पाहिले. पगारदारास कदाचित एकदम सर्व झुगारता येणार नाही. पण आपली सही कशावर होत आहे हे पाहणे, राहणीचा खर्च आवरणे आणि वेळ आल्यास दुसरी चाकरी शोधता येईल इतकी शिल्लक बाळगणे, एवढे तरी त्याच्या हाती असतेच.

या संदर्भात समाजाचेही एक कर्तव्य आहे. प्रामाणिकपणापायी ज्याची नोकरी गेली, त्या बांधवाच्या पाठीशी समाज उभा राहतो का? सभेत पहिल्या रांगेत कोणाला बसविले जाते, केवळ धनवंताला की न्यायाने धन मिळविणाऱ्याला? धर्मादाय संस्था दात्यांच्या द्रव्यावर चालतात आणि दात्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु दानाने अन्यायाचे धन शुद्ध होते, असे कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही. न्यायाने मिळविलेला एक रुपया आणि त्याचा चोख हिशेब, हीच कोणत्याही ट्रस्टची खरी पुंजी होय. सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांच्या कार्याचा आनंद साजरा करण्याचा जसा प्रसंग आहे, तसाच आपली वही उघडून पाहण्याचाही आहे.

तेहतीस वर्षांच्या आयुष्यात श्रीमद् राजचंद्रांनी हिरेमोत्यांची पारख केली आणि त्याहून मोलाच्या रत्नत्रयाची उपासना केली. पेढी आणि स्वाध्याय यांच्यामध्ये त्यांनी भिंत उभी केली नाही. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र वंदन.